वाचकांचे प्रश्न : भाषेचा इतिहास शिकून करायचं काय?

या वेळी टपालानं आणि व्हॉट्सॲपवर आलेले बरेचसे प्रश्न एकाच विषयाचे निघाले. नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे कॉलेजांत अभ्यासक्रम परत लिहायचं काम चाललंय, क्रेडिटची ओढाताण आहे, आणि त्यात ऐतिहासिक भाषाविज्ञान, म्हणजे भाषा कशी बदलत आली याचा अभ्यास, ठेवायचा का काढायचा यावर सातारा-सांगलीकडनं पत्रं आलीत. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, आज हेच.

मी कराडला एम.ए. मराठी करतोय. भाषाविज्ञानाचा एकच पेपर आहे, त्यातलं ऐतिहासिक भाषाविज्ञानाचं युनिट पुढच्या वर्षी काढणार असं कानावर आलंय आणि वर्गात सगळे खूश आहेत. खरं सांगायचं तर मीपण. ध्वनिपरिवर्तनाची कारणं पाठ करायची, वर्णलोप, वर्णागम, वर्णविपर्यय (वर्ण गळणं, नवा येणं, जागा बदलणं) लिहायचं, संपलं. काढलं तर नुकसान काय? (विद्यार्थी, कराड)

तुम्ही लिहिलंय तसंच शिकवत असतील तर काढलं तरी कुणाचं काही बिघडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मुखसुख, प्रयत्नलाघव (म्हणजे बोलायला सोपं जावं, श्रम वाचावेत), अनुकरणातली अपूर्णता, भौगोलिक परिस्थिती ही जी यादी पाठ करून घेतात ना, त्यातलं ते भौगोलिक कारण तर मला कधीच पटलं नाही. थंड हवेत तोंड कमी उघडतं म्हणून उच्चार बदलतात म्हणे. मग थंड महाबळेश्वरची मराठी उन्हातल्या म्हसवडच्या माणसाला कळायलाच नको.

विषय सुरू होतो तो वेगळ्याच ठिकाणी. संस्कृत हस्त, प्राकृत हत्थ, मराठी हात. सप्त, सत्त, सात. अष्ट, अट्ठ, आठ. दुग्ध, दुद्ध, दूध. कर्म, कम्म, काम. हे वहीत एकाखाली एक लिहा आणि जरा वेळ बघत बसा. आधी जोडाक्षरातली दोन वेगळी व्यंजनं एकसारखी होतात, मग ते दुहेरी व्यंजन सुटं होतं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो, आणि हे एखाद्या शब्दात नाही तर ढिगानं शब्दांत एकाच पद्धतीनं झालंय, कुणी ठरवलेलं नसताना. पंजाबीनं तर मधली पायरी अजून धरून ठेवलीय, हत्थ, सत्त, अट्ठ, दुद्ध. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी आहे, पिढ्यान्पिढ्या फौजेत माणसं पाठवणारं गाव, तिथल्या पंजाबात पोस्टिंग झालेल्या कुणालाही विचारा, तो हे सगळं रोज कानानं ऐकून आलेला असतो, फक्त मराठीनं मागं टाकलेली पायरी तिकडं अजून चालू आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आता एकदा असा नियम सापडला की खरी मजा अपवादांची. १८७० च्या दशकात जर्मनीत लाइपझिगला काही तरुण अभ्यासकांनी ताठ भूमिका घेतली, की ध्वनी नियमानं बदलतात आणि अपवाद दिसला तर त्याचं कारण शोधायचं, अपवाद म्हणून सोडून द्यायचं नाही. याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकानं १८२२ ला जर्मानिक (इंग्रजी, जर्मन वगैरे) भाषांचा जो नियम मांडला होता (संस्कृत पितृ, इंग्रजी फादर, प चा फ) त्याला बरेच शब्द जुमानत नव्हते, ती गाठ कार्ल व्हर्नरनं १८७५ ला सोडवली. उत्तर निघालं जुन्या आघातात, म्हणजे शब्दाच्या कुठल्या भागावर जोर होता त्यात, आणि त्याचा पुरावा मिळाला वैदिक संस्कृतात. आपल्या परीक्षेत ग्रिम आणि व्हर्नर टिपा लिहायला येतात, पाच मार्काला, आणि हा सगळा डिटेक्टिव्हपणा गायब.

मराठीतलं असंच एक कोडं देतो, सोडवून बघा. चाक, चूल, चोर यातला च आपण दातांजवळ म्हणतो, जवळजवळ त्स सारखा, आणि चिंच, चीक यातला पहिला च टाळूजवळचा. नियम साधा दिसतोय, पुढं इ किंवा ए असेल तर टाळूचा, नाहीतर दातांचा. चक्र, चंद्र हे संस्कृतातनं जसेच्या तसे उचललेले, म्हणून त्यांना वगळा. आता 'गुराला चारा चार' आणि 'चार गुरं' हे मोठ्यानं म्हणा. पहिल्या चार मधे दातांचा च, नियमाप्रमाणे. आकड्यातल्या चार मधे टाळूचा का? पुढं तर आ आहे. उत्तर खाली मोडीच्या प्रश्नात मिळेल.

तर तुमच्या 'नुकसान काय'ला माझं उत्तर, युनिट ठेवा आणि प्रश्नपत्रिका बदला. पाच शब्द देऊन सहावा ओळखायला सांगणारा एक प्रश्न आला की पाठांतर आपोआप बंद होतं. एम.ए. मराठीला हे सक्तीचं असावं, बी.ए.ला ऐच्छिक चालेल, असं माझं मत.

आता मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तरी कॉलेजात अजून परदेशी लोकांनी काढलेल्या भाषाकुळांच्या थिअऱ्या कशाला शिकवायच्या? सगळ्या भारतीय भाषा संस्कृतातनं आल्या हे आपल्याला माहीत आहेच. आणि सांगली हे नाव सहा गल्ल्यांवरनं पडलं, हे पण भाषाविज्ञानच की, असं स्थानिक का शिकवत नाहीत? (वाचक, विश्रामबाग, सांगली)

तुमचे तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींना वेगळं उत्तर आहे.

परदेशी म्हणाल तर विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशानं १७८६ ला संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळातनं आल्या असाव्यात असं सांगितलं ते कलकत्त्यात, एशियाटिक सोसायटीच्या बैठकीत, आणि ते सुचलं तेच मुळी संस्कृत शिकल्यामुळं. पुढं १८७७ ला मुंबईत रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर विल्सन व्याख्यानं दिली. कलकत्ता विद्यापीठात १९०७ पासून तौलनिक भाषाशास्त्राचा विभाग आहे. झ्यूल ब्लोक या फ्रेंच माणसानं मराठीच्या घडणीवर प्रबंध लिहिला हे खरं, पण वासुदेव गोपाळ परांजप्यांनी तो १९४१ ला मराठीत आणला, त्याआधी १९३३ ला कृ. पां. कुलकर्ण्यांचं मराठीच्या उद्गम-विकासावरचं पुस्तक आलेलं होतं, आणि १९४२ ला शं. गो. तुळपुळ्यांचं यादवकालीन मराठीवरचं काम. म्हणजे आपल्याकडं हा विषय आजच्या बऱ्याच विद्यापीठांपेक्षा जुना आहे. परका वाटतो कारण मधल्या पिढ्यांना तो नीट शिकवलाच नाही.

सगळ्या भाषा संस्कृतातनं, हे बरोबर नाही. कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम हे वेगळं, द्रविड कुळ आहे, हे एलिस या इंग्रज अधिकाऱ्यानं १८१६ ला मद्रासमधे मांडलं आणि कॉल्डवेलनं १८५६ ला सविस्तर व्याकरण लिहून दाखवलं. त्या भाषांत संस्कृत शब्द भरपूर आहेत, पण शब्द उसने येतात, त्यावरनं कूळ ठरत नाही. कूळ ठरवायला अंकांची, सर्वनामांची, क्रियापदांच्या रूपांची जुळणी बघतात. सांगलीत राहून तुम्ही कर्नाटकच्या एसटीत बसला असालच, कंडक्टर ओंदु, एरडु, मूरु मोजतो, त्यात एक, दोन, तीन कुठं सापडतंय का बघा.

आणि अभिजातचं. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं निर्णय घेतला, त्याच दिवशी पाली आणि प्राकृतलाही दर्जा मिळाला, असमिया आणि बंगालीलाही. आपला दावा रंगनाथ पठारे समितीच्या अहवालावर उभा होता, तो २०१३ चा. निकषांत भाषेची दीड-दोन हजार वर्षांची प्राचीनता मागतात. ज्ञानेश्वरी १२९० ची, लीळाचरित्र तिच्या थोडं आधीचं, त्याच्या मागं मराठी कोरीव लेख आहेत, पण दोन हजार वर्षं मागं जायचं तर महाराष्ट्री प्राकृत आणि आजची मराठी ही एकच सलग धार आहे हे दाखवावं लागतं. ते दाखवायचं साधन कुठलं? हेच, हत्थ ते हात. म्हणजे दर्जाचे फ्लेक्स चौकाचौकात लावायचे आणि ज्या विषयानं पुरावा पुरवला त्याचं युनिट कापायचं, असं चाललंय आपलं.

सहा गल्ल्या. ऐकायला छान आहे. पण सहा आणि गल्ली जोडल्यावर सांगली मधला अनुस्वार कुठनं आला, तो तशाच दुसऱ्या शब्दांत येतो का, आजूबाजूच्या गावांची नावं अशी आकड्यावरनं पडलीत का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुन्या ताम्रपटांत, शिलालेखांत, कागदांत नाव कसं लिहिलंय, मराठीतही आणि कन्नडमधेही, कारण चालुक्य आणि शिलाहारांच्या काळात या पट्ट्यात कन्नड लेख भरपूर आहेत. हे चार प्रश्न विचारल्याशिवाय ती नुसती गोष्ट. तुमची सूचना मात्र चांगली आहे, स्थानिक नावं वर्गात घ्यायलाच पाहिजेत, पोरांना असे प्रश्न विचारायची सवय लावायला. साताऱ्याचं नाव किल्ल्याच्या तटांच्या आकड्यावरनं पडलं म्हणतात, त्याचं पण तेच करा.

मी जत तालुक्यात शिकवते. वर्गात निम्मी मुलं घरी कन्नड बोलतात, मराठी लिहिताना लिंगाच्या चुका होतात म्हणून त्यांना सतत बोलणी बसतात. भाषेच्या इतिहासात अशा मिश्र भागाला काही जागा आहे का, का सगळं पुण्याच्या मराठीचंच? (शिक्षिका, जत)

ताई, जागा आहे का म्हणजे काय, जगातल्या या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत महाराष्ट्रातलं एखादं गाव हमखास येत असेल तर ते तुमच्याच जिल्ह्यातलं आहे. कुपवाड. हो, आपलं एमआयडीसीवालं, सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेतलं. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी तिथं काम करून १९७१ ला लेख छापला, तेव्हा ते साधारण तीन हजार वस्तीचं खेडं होतं. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, दलित कुटुंबांत मराठी, दोर वळणाऱ्यांच्या घरी तेलुगू, आणि चावडीवर, बाजारात, एकमेकांशी बोलताना मराठी. पुरुष मंडळी दोन-तीन भाषा सहज बोलणारी. आणि असं शेकडो वर्षं चाललेलं.

त्यांना काय दिसलं, तर शब्द प्रत्येकानं आपापले ठेवले पण वाक्याची घडण जवळजवळ एकच झाली. मराठीत 'पाला जरा कापून घेऊन आलो', तिथल्या उर्दूत 'पाला जरा काट के ले के आया', आणि कन्नडमधेही तेच, शब्द त्याच क्रमानं, तोडून, घेऊन, आलो, आणि मधला जरा सुद्धा तोच. एका भाषेतला शब्द उचलायचा, तिथं दुसरीचा ठेवायचा, वाक्य तयार. आणि तुमच्या लिंगाचं तर थेट आलंय त्यात. कन्नडमधे लिंग अर्थावर चालतं, पुरुष, बाई, बाकी सगळं नपुंसक. मराठीत तो दगड, ती भिंत, ते झाड, याला काही कारण देता येत नाही, पाठच करावं लागतं. कुपवाडच्या मराठीत हे कन्नडच्या बाजूला झुकलेलं त्यांनी नोंदवलं. म्हणजे तुमची पोरं करतात ती तऱ्हा अभ्यासकांनी पन्नास वर्षांपूर्वी भाषाबदल म्हणून लिहून ठेवलीय.

परीक्षेत मार्क जाऊ नयेत म्हणून प्रमाण रूप शिकवावं लागणारच, त्याला इलाज नाही. पण बोलणी बसू नयेत.

या लेखानं एक मोठा धक्का दिला होता. दोन भाषा सारख्या दिसल्या म्हणजे त्या एका आईच्या असं समजायची सवय होती, इथं दोन वेगळ्या कुळांच्या भाषा शेजारानं एकसारख्या झालेल्या दिसल्या. मरे एमेनो यांनी १९५६ लाच सगळा भारत हा असा एक भाषिक टापू आहे असं मांडलं होतं, कुपवाडनं ते एका गावाच्या पातळीवर दाखवलं. फ्रँकलिन साउथवर्थनं तर मराठीच मुळात अशा आर्य-द्रविड मिसळीतनं घडली का, असा प्रश्न त्याच सुमारास विचारला, वादग्रस्त आहे, पण विचार करायला लावतो. चाळीसेक वर्षांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी परत कुपवाडला गेल्या आणि जुने निष्कर्ष तपासले. आणि सांगलीत बी.ए. मराठी करणाऱ्या पोराला कुपवाड म्हटलं की फक्त एमआयडीसी आठवते, याचं वाईट वाटतं, दुसरं काय.

तुमच्या वर्गात एक सोपा प्रयोग करा, आम्ही आणि आपण मधला फरक घ्या. 'आम्ही जेवायला चाललोय' म्हटलं की तू बाहेर, 'आपण' म्हटलं की तू आत. प्रमाण हिंदीत हम एकच. तेलुगू, तमिळमधे असा फरक आहे. तुमच्या मुलांना विचारा घरच्या कन्नडमधे काय म्हणतात, आणि जे सांगतील ते फळ्यावर लिहा.

मुलीला डेक्कन कॉलेजला भाषाविज्ञानात एम.ए. करायचंय, तिला म्हणे जुन्या भाषांत रस आहे. आमची द्राक्षबाग आहे, खर्च करू, पण नोकरी लागंल का? (पालक, तासगाव)

दादा, ऐतिहासिक भाषाविज्ञान येतं म्हणून थेट नोकरी देणारं ऑफिस मला माहीत नाही, खोटं कशाला सांगू. पण ती एम.ए. करेल भाषाविज्ञानात, त्यात ध्वनिविज्ञान, व्याकरण, समाज आणि भाषा असं सगळं येतं, हा त्यातला एक भाग. यूजीसी-नेटला (कॉलेजात शिकवायला लागणारी पात्रता परीक्षा) भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे, त्यात ऐतिहासिक भागावरही प्रश्न येतात, आणि जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पीएच.डी.चा खर्च तुमच्यावर पडत नाही. म्हैसूरला केंद्राची भारतीय भाषा संस्था आहे, १९६९ पासूनची. कोशाची, बोलींच्या सर्वेक्षणाची कामं प्रोजेक्टवर निघतात, मोबाइलला मराठी बोलायला शिकवणाऱ्या कंपन्यांना भाषेची जाण असलेली माणसं लागतात. यातलं बरंचसं काम कंत्राटी असतं हे मात्र तिला आधीच सांगा, आणि नेट पहिल्या वर्षापासूनच डोक्यात ठेवायला सांगा.

डेक्कन कॉलेजबद्दल एक गंमत, तिथं संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वावरचा महाकोश १९४८ ला सुमित्र मंगेश कत्र्यांनी सुरू केला, सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमवल्या, पहिला भाग निघाला १९७६ ला, आणि इतकी वर्षं झाली तरी काम अजून 'अ'वरच आहे. द्राक्षवाल्याला धीर कळतो, म्हणून सांगितलं.

मी मोडीचा कोर्स केलाय. भाषाविज्ञानाला त्याचा उपयोग होतो का? (वाचक, वाई)

होतो, भरपूर. वरचं चारचं कोडं घ्या. पेशवाईतले मोडी कागद तुम्ही वाचले असतील तर 'च्यार' असं लिहिलेलं दिसलं असेल. मधे य होता, त्यानं च ला टाळूवर ओढून धरलं, पुढं य गेला आणि च तिथंच राहिला. छापील पुस्तकांवर राहिलेल्या माणसाला हे दिसणारच नाही. मोडी लिहिणारे कारकून बोलतात तसं लिहायचे, तुमच्या हातातले कागद त्या नजरेनं परत बघा, लेखनाच्या 'चुका' वेगळ्या वहीत उतरवा.

आम्ही साताऱ्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो, अभ्यासक्रम ठरवताना या विषयाला फक्त दोन क्रेडिट मिळतायत, म्हणजे तीस तास. त्यात काय बसवायचं? काही सहकारी म्हणतात आयकेएसमधे (भारतीय ज्ञानपरंपरेच्या विषयात) टाकून द्या. (प्राध्यापक, सातारा)

आयकेएसमधे टाकू नका. तिथं गेला की भारतीय ज्ञानपरंपरेचा गौरव या अंगानंच शिकवला जाणार आणि कन्नड, फारसी, प्राकृत सगळ्यांशी मराठीची देवाणघेवाण सांगायला कुणी धजणार नाही. पाणिनी तिथं शिकवा की, तो तिथलाच, पण पाणिनी भाषेचं वर्णन करतो, भाषा कशी बदलली ते नाही.

तीस तास कमी नाहीत. भाषाकुळांचे नकाशे, जगातल्या भाषांची यादी, भाषेच्या उत्पत्तीच्या त्या बाउ-वाउ आणि डिंग-डाँग थिअऱ्या, हे सगळं सरळ उडवा, पोरं नेटवर वाचतील किंवा नाही वाचणार. पहिले दहा तास हस्त-हात सारख्या तक्त्यांवर घालवा, नियम पोरांनाच काढू द्या. पुढचे आठ-दहा एकाच जुन्या मजकुरावर, लीळाचरित्रातली एक लीळा घेतली तरी चालेल, तिच्यातलं प्रत्येक क्रियापद आजच्या रूपाशी लावायचं. उरलेल्यात कुपवाड, आणि फील्डवर्क. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ चा आहे, आणि डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर केलेलं बोलींचं नवं सर्वेक्षण ऑनलाइन आहे, दोन्ही समोर ठेवून आपल्या गावातल्या आजीला बोलतं करायचं, 'करतूया', 'गेल्ता', 'आलाया' जे येईल ते जसंच्या तसं लिहायचं, शुद्ध करायचं नाही. पुस्तकांना पैसे नाहीत हे कारण पण नको, मोल्सवर्थचा कोश, टर्नरचा आर्यभाषांचा तौलनिक कोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतात, मोबाइलवर सुद्धा.

शिकवायला माणूस नाही ही अडचण खरी आहे, मराठी विभागात प्राकृत येणारे फार थोडे उरलेत. संस्कृतचे, कन्नडचे आणि इतिहासातले मोडी येणारे अशा तिघांना चार-चार तास बोलवा, मानधनाचं प्राचार्यांशी आधीच बोलून ठेवा. आणि अंतर्गत गुण त्या आजीच्या रेकॉर्डिंगला द्या, असाइनमेंटच्या झेरॉक्सला नको.